लंडन-मुंबई, नऊ तास?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, पण हा विषय डोक्यातून जात नाही. एकदाचं लिहून टाकतो.

लंडन ते मुंबई हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. मुंबईला येताना नऊ तास, परत जाताना तासभर जास्त, कारण तेवढ्या उंचीवर पश्चिमेचा वारा तोंडावर असतो. हे आकडे मला पाठ आहेत. पुण्याला फोन केला की ऐकवायचोच, "अगं आई, नऊ तासांचा तर प्रश्न! रात्री बसलो की सकाळी तुझ्याकडे." वर इतिहासही. १९४८ साली एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून ८ जूनला निघालं, ते कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला पोचलं. त्या मानाने आपण किती जवळ! आईला धीर यावा म्हणून म्हणायचो. खरं तर स्वतःलाही.

मग जुलैतल्या एका सकाळी काकांचा फोन आला. इथे साडेपाच, पुण्यात दहा. सकाळच्या विमानात जागा नव्हती, मिळाली ती रात्री साडेनऊच्या. मुंबईत उतरलो तेव्हा तिथले अकरा. पासपोर्टची रांग, बॅग, गाडी यात बारा वाजून गेले. पुढे एक्सप्रेस वे. धो धो पाऊस आणि घाटात बंद पडलेला ट्रक. घरी साडेचारला पोचलो.

तीस तास झाले होते. त्यातले हवेतले नऊ.

तेवढा वेळ बाबा बर्फाच्या लाद्यांवर होते. आई येईल त्याला सांगत होती, "थांबा, त्याला नऊच तास लागतात." रात्रभर ती तशीच बसून होती म्हणे, कुणी उठवलं तरी उठली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण बाहेर राहणाऱ्यांनी घरी विमानाचे तास सांगणं बंद करावं. दारापासून दारापर्यंतचे सांगावेत, तेही वाईटात वाईट दिवसाचे. २०१९ च्या फेब्रुवारीत आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आकाश बंद केलं, तेव्हा कितीतरी विमानांना वळसे पडले. ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्यांचं ओसीआय कार्ड ऐनवेळी सापडत नाही, ते वेगळंच. आणि थांबायचं की नाही हेही आधीच बोलून ठेवावं. अभद्र बोलू नये म्हणतात. आम्हीही बोललो नव्हतो.

एक मित्र म्हणाला, "थांबले नसते तर जन्मभर मनाला लागलं असतं." असेलही. बाबांचा चेहरा बघायला मिळाला, ते मी नाकारत नाही. पण त्यासाठी ती रात्र आईने काढली, मी नाही.

काका, तुम्ही हे वाचणार, माहीत आहे. "पोराची वाट बघण्यात अर्थ नाही, उरकून घेऊ," असं तुम्ही म्हणालात हे कळल्यावर मी कितीतरी महिने तुमच्याशी धड बोललो नाही. तुमचं बरोबर होतं.

आईला आता सांगून ठेवलंय, कुणाचंही काही झालं तरी माझे तीस तास धर आणि थांबू नकोस. तीस तासांना ती "बरं" म्हणाली. दुसऱ्यावर अजून काही बोललेली नाही. दिवाळीत जाईन तेव्हा पुन्हा विचारेन.