पुटपुटते संवाद, काळवंडलेला पडदा

दूरचित्रवाणीवरच्या नाट्यमालिकांबद्दल गेली दहा-पंधरा वर्षे प्रेक्षकांची एक तक्रार सतत चालू आहे: पात्रे काय बोलतात ते कळत नाही आणि काय करतात ते दिसत नाही. या तक्रारीला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते. हल्लीच्या लोकांना लक्ष देऊन बघायची सवय राहिलेली नाही, किंवा तक्रार करणाऱ्यांचे कान आणि डोळे थकले आहेत, असे सांगितले जाते. ते उत्तर चुकीचे आहे. त्याच प्रेक्षकाला त्याच संचावर बातम्या नीट ऐकू येतात, क्रिकेटचे समालोचन नीट ऐकू येते, तीस वर्षांपूर्वीचा चित्रपटही शब्द न् शब्द कळतो. दोष प्रेक्षकाचा असता, तर तो फक्त नव्या, खर्चिक आणि नावाजलेल्या मालिकांपुरता राहिला नसता.

या तक्रारीचे सर्वांत ठळक उदाहरण ब्रिटनमधले आहे. एप्रिल २०१४ मध्ये ईस्टरच्या सुमारास बीबीसीने ‘जमैका इन’ ही तीन भागांची मालिका लागोपाठ तीन रात्री दाखवली. डॅफ्नी द्यू मॉरिए यांच्या १९३६ च्या कादंबरीवरची, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या चोरट्या व्यापाराची ही गोष्ट. पहिला भाग संपण्याआधीच तक्रारी सुरू झाल्या. ध्वनीच्या पातळीत अडचण असल्याचे वाहिनीने मान्य केले, पुढच्या भागासाठी दुरुस्तीही केली; पण तक्रारी दोन हजारांच्या वर गेल्या. २०१७ मध्ये ‘एसएस-जीबी’ या मालिकेच्या वेळी हेच पुन्हा घडले. दुरुस्ती का लागू पडली नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. आवाज मोठा केला की पुटपुटणेही मोठे होते. स्पष्ट होत नाही.

पुटपुटण्याची सुरुवात अभिनयापासून होते. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ आल्यापासून नटाला आवाज टाकण्याची गरज राहिली नाही, आणि हळूहळू आवाज न टाकणे हेच खऱ्या अभिनयाचे लक्षण मानले जाऊ लागले. मराठी रंगभूमीची शिकवण याच्या नेमकी उलट आहे. संगीत नाटकांच्या काळात ध्वनिक्षेपक नव्हते. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटावे, ही जबाबदारी नटाच्या गळ्यावर होती. तालमीत नवख्या नटाला सर्वांत आधी मिळणारी सूचना आजही तीच असते: वाक्य पाडू नकोस, शेवटचा शब्द खाऊ नकोस. मराठीत ही सूचना विशेष मोलाची आहे, कारण आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुधा तिथेच येतो. ‘तो काल रात्री घरी आला होता’ आणि ‘तो काल रात्री घरी आला नव्हता’ या दोन वाक्यांत खुनाचा आख्खा तपास फिरू शकतो, आणि सारा फरक अखेरच्या शब्दात आहे. वाक्याचा शेवट श्वासात विरघळवणारा नट मराठीत अर्थच घालवतो. रंगभूमीवर कुजबुजही असते, हुंदक्यातले बोलणेही असते. पण कुजबुजतानाही व्यंजने ठसठशीत उमटवायची, हे तिथे तासन्‌तास घोटून घेतले जाते. खरेपणा आणि स्पष्टपणा यांचे वैर नाही, हे मराठी नटांच्या अनेक पिढ्यांनी दाखवून दिले आहे.

भारतीय चित्रपटाने स्पष्टतेचा आणखी एक मार्ग धरला होता, तो डबिंगचा. चित्रीकरणाच्या जागी गोंगाट फार आणि कॅमेरेही आवाज करणारे, त्यामुळे अनेक दशके हिंदी-मराठी चित्रपटांचे संवाद नंतर ध्वनिमुद्रणगृहात बोलून बसवले जात. त्यात बरेच काही हरवत असे. ओठ जुळत नसत, माळरानावरचा माणूस बंद खोलीत बोलल्यासारखा वाटे, चित्रीकरणाच्या क्षणी लागलेला सूर दोन महिन्यांनी मायक्रोफोनसमोर पुन्हा सापडत नसे. म्हणूनच २००१ च्या ‘लगान’मध्ये चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज वापरला गेला, तेव्हा त्याचे योग्य ते कौतुक झाले आणि ती पद्धत पुढे रुजली. ती चांगलीच आहे. मात्र डबिंगमध्ये एक शिस्त आपोआप पाळली जात होती. बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस प्रत्येक ओळ ऐकायचा आणि शब्द कळला नाही तर ती पुन्हा घ्यायला लावायचा. चित्रीकरणाच्या जागी दिग्दर्शकाचे लक्ष प्रकाशावर, हालचालीवर आणि घड्याळावर असते. एक शब्द अस्पष्ट गेला म्हणून पुन्हा टेक मागणाऱ्या ध्वनिमुद्रकाचे ऐकून घ्यायला तिथे वेळ नसतो. जुन्या पद्धतीतला हा दक्ष कान नव्या पद्धतीत आणायचा राहून गेला.

चित्रीकरणाची रीतही बदलली आहे. पूर्वी एका वेळी एक कॅमेरा चाले. जवळचे दृश्य असेल तर लांब दांडीवरचा मायक्रोफोन, म्हणजे बूम, नटाच्या डोक्यावर हातभर अंतरावर आणता येई. आता दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालतात. एक जवळून चेहरा टिपतो, दुसरा दुरून सबंध खोली. दूरच्या चौकटीत बूम दिसू नये म्हणून तो लांब ठेवावा लागतो. मग भिस्त राहते कपड्याआड लपवलेल्या छोट्या मायक्रोफोनवर. तो छातीजवळ असतो, त्यामुळे आवाज घुमट येतो आणि शाल सरकली की खसखस शब्दावर चढते.

पुढचा आणि सर्वांत मोठा घोटाळा ध्वनिमिश्रणाच्या खोलीत होतो. तिथे बसलेल्या प्रत्येकाला संवाद पाठ असतो. दिग्दर्शकाने तो लिहिताना, तालमीत, चित्रीकरणात आणि संकलनात अगणित वेळा ऐकलेला असतो. ज्याला वाक्य ठाऊक आहे, त्याचा मेंदू अस्पष्ट ध्वनीतूनही ते पुरे करून घेतो. त्याला खरोखरच स्पष्ट ऐकू येते. त्यामुळे पार्श्वसंगीत थोडे वर चढवले, पावसाचा आवाज वाढवला, तरी तिथल्या कुणाला काही खटकत नाही. शिवाय ती खोली शांत असते आणि स्पीकर उत्तम असतात. सहा मार्गी मिश्रणात संवादासाठी मधला स्वतंत्र स्पीकर असतो. घरच्या संचावर हे सहाही मार्ग दोन स्पीकरांत कोंबले जातात, आणि ते दोन स्पीकर बोटभर जाडीच्या पडद्याच्या तळाशी किंवा पाठीशी असतात. त्यांची तोंडे जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे. प्रेक्षकापर्यंत पोहोचतो तो भिंतीवर आपटून आलेला आवाज.

आता घरातले दृश्य पाहावे. रात्रीचे साडेनऊ वाजलेले आहेत, डोक्यावर पंखा गरगरतो आहे, स्वयंपाकघरात भांडी विसळली जात आहेत, खाली रस्त्यावर रिक्षा हॉर्न देते आहे. पडद्यावर दोन पोलीस अधिकारी अंधाऱ्या गाडीत हलक्या आवाजात बोलत आहेत. रिमोटवर आवाज वीसवरून चाळीसवर जातो. तेवढ्यात गोळीबार सुरू होतो, शेजारच्या खोलीत झोपलेले मूल दचकून उठते, आणि आवाज पुन्हा दहावर येतो. मग पुढचा संवाद हुकतो. तासाभराच्या भागात ही कसरत सारखी चालते. प्रसारणाचे नियमही इथे पुरे पडत नाहीत. युरोपातल्या वाहिन्यांसाठी २०१० मध्ये ठरलेले मानक संपूर्ण कार्यक्रमाची सरासरी तीव्रता मोजते. जाहिरातींच्या अचानक वाढणाऱ्या आवाजावर त्याने चांगला लगाम बसला. पण सरासरी ठीक असली, तरी कुजबुज आणि स्फोट यांच्यातली दरी तशीच राहू शकते. नेटफ्लिक्स आपल्या निर्मात्यांकडून मिश्रणाची पातळी संवादावरून मोजून मागते. ही दिशा योग्य आहे. तिने शब्द ऐकू येईल एवढा मोठा राहतो, मात्र नटाने गिळलेला शब्द तीही परत आणू शकत नाही.

कानाचा प्रश्नही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वय वाढते तसे आधी उंच पट्टीतले ध्वनी ऐकू येईनासे होतात. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, तर स, श, फ, त यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीवर फार अवलंबून असतात. त्यामुळे बोलण्याचा आवाज येतो, पण सात, हात आणि आत यांतला भेद मिटतो. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, ते शब्दशः खरे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू कमी येते. संध्याकाळची मालिका हा ज्यांचा दिवसाचा विसावा आहे, त्यांतले कितीतरी याच वर्गातले आहेत. त्यांना वगळून केलेली कला मोठी ठरत नाही.

काळोखाचा इतिहास वेगळा आहे. फिल्मवर चित्रीकरण होत असे तेव्हा रात्रीच्या दृश्यालाही भरपूर प्रकाश टाकावा लागे, नाहीतर चित्रच उमटत नसे. स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात दृश्ये टिपली, त्यासाठी अंतराळ संशोधनाकरिता बनवलेली झाइस कंपनीची अतिशय मोठ्या छिद्राची भिंगे मिळवावी लागली. २०१० नंतर ‘ॲरी ॲलेक्सा’सारखे डिजिटल कॅमेरे आले आणि तसे दृश्य साध्या साधनांनी टिपता येऊ लागले. बीबीसीच्या २०१५ च्या ‘वुल्फ हॉल’मध्ये सोळाव्या शतकातले महाल मेणबत्त्यांच्या उजेडातच दिसले. काहींना ते अतिशय देखणे वाटले, काहींनी काहीच दिसत नसल्याची तक्रार केली. दोन्ही मते खरी असू शकतात, कारण दोघांचे पडदे आणि खोल्या वेगळ्या होत्या.

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या ‘द लाँग नाइट’ या भागाने हा वाद जगभर पोहोचवला. ८२ मिनिटांचा हा भाग जवळजवळ सगळा रात्रीच्या लढाईचा होता आणि त्याच्या बाहेरच्या चित्रीकरणासाठी ५५ रात्री खर्ची पडल्या होत्या. अमेरिकेत तो रविवारी रात्री दिसला. आपल्याकडे तो हॉटस्टारवर त्याच वेळी, म्हणजे सोमवारी, २९ एप्रिल २०१९ रोजी सकाळी उपलब्ध झाला. त्या दिवशी मुंबईत लोकसभेचे मतदान होते, वैशाखाच्या तोंडावरचे लख्ख ऊन खिडकीतून आत येत होते, आणि मतदानाला जाण्याआधी मोबाइलवर तो भाग बघणाऱ्यांना पडद्यावर सर्वाधिक स्पष्ट दिसला तो स्वतःचा चेहरा. छायालेखक फॅबियन वॅग्नर यांनी चित्रीकरण योग्यच होते असे सांगितले आणि अडचणीचा बराच भाग प्रेक्षकांच्या संचांकडे व त्यांच्या मांडणीकडे ढकलला. २०२२ मध्ये ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’च्या सातव्या भागात दिवसा चित्रित केलेली दृश्ये नंतर काळी करून रात्रीची बनवली गेली; तक्रारी आल्यावर, ही मंद प्रकाशयोजना जाणीवपूर्वक केली आहे, असे वाहिनीकडून उत्तर मिळाले.

संचाचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या खरा आहे, पण तो निर्मात्यांच्या बाजूने बोलत नाही. रंगांची अंतिम जुळणी होते ती अंधाऱ्या खोलीत, मोजमाप करून लावलेल्या महागड्या मॉनिटरवर. घरच्या साध्या एलईडी पडद्याचा काळा रंग मुळात राखाडी असतो आणि त्यावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते. त्यात आठ बिटांच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रकाशाच्या जेमतेम २२० पायऱ्या असतात. सगळे दृश्य तळाशी नेले की वापरात राहतात त्यातल्या थोड्याच. इंटरनेटवरून पाठवताना चित्र दाबून लहान केले जाते, तेव्हा कात्री आधी अंधारातल्या बारकाव्यांवर चालते, कारण तिथला फरक डोळ्याला कळणार नाही असे गृहीत धरलेले असते. म्हणून आकाशात पट्टे दिसतात आणि सावलीत चौकोनी ठिगळे. हे सगळे निर्मात्यांना आधीपासून ठाऊक असते. ज्या पडद्यावर मालिका दिसणार आहे, तो गृहीत धरून प्रकाश ठरवणे हे छायालेखकाच्या कामातच मोडते.

मराठी दैनंदिन मालिकांवर हा आरोप करता येत नाही. त्यांतला दिवाणखाना मध्यरात्रीही उजळलेला असतो आणि भांडणातला प्रत्येक शब्द कळतो. गंभीर आणि वेगळे काही करू पाहणाऱ्या मराठी वेब मालिकांनी मात्र परदेशी नमुन्याकडे बघून काळोख आणि पुटपुट ही प्रतिष्ठेची लक्षणे मानू नयेत.

प्रेक्षकाच्या हाती काही उपाय आहेत. संचाची वीजबचत मांडणी बंद केली की पडद्याची उजळी वाढते. ध्वनीच्या यादीत संवादासाठी वेगळा पर्याय असेल तर तो निवडावा. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने एप्रिल २०२३ पासून काही कार्यक्रमांना संवाद ठळक करण्याची सोय दिली आहे. बीबीसीच्या संशोधन विभागाने २०१९ मध्ये ‘कॅज्युअल्टी’ मालिकेच्या एका भागावर प्रयोग केला. त्यात प्रेक्षकाला पार्श्वध्वनी स्वतः कमी करून संवाद वर आणता येत होता. तंत्र उपलब्ध आहे, ते सार्वत्रिक व्हायला हवे. पडद्याखालची अक्षरे हा आणखी सोपा उपाय, आणि त्यात मराठीची फार उपेक्षा होते: मराठी मालिकेखाली बहुधा इंग्रजी ओळी मिळतात, मराठी नाहीत. ऐकू कमी येणाऱ्या मराठी आजीला त्यांचा काय उपयोग?

मराठी निर्मात्यांना, दिग्दर्शकांना आणि वाहिन्यांना म्हणून दोन विनंत्या आहेत. मालिकेखाली मराठी अक्षरांचा पर्याय द्यावा. आणि भाग पूर्ण झाल्यावर, तो बाहेर सोडण्याआधी, संहिता न वाचलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला दिवा आणि पंखा चालू असलेल्या खोलीत साध्या संचावर दाखवावा. जिथे जिथे तो माणूस ‘काय म्हणाला?’ असे विचारील, तिथे ध्वनिमिश्रण पुन्हा करावे.