विश्लेषण : लडाखच्या रणगाड्याचे इंजिन कुणाच्या हातात? नगरहून दिसणारे महासत्तांचे राजकारण

सावेडी (अहिल्यानगर) : के. के. रेंजवर फायरिंग सुरू झाले की नगरकरांना त्याचे फारसे काही वाटत नाही. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आणि डीआरडीओची वाहन संशोधन संस्था म्हणजे व्हीआरडीई, या तिन्ही संस्था या एका शहरात आहेत. रणगाडा चालवायचा, त्यातून मारा करायचा, नवे चिलखती वाहन घडवायचे, हे सगळे इथे होते. म्हणूनच भारत-चीन तणाव, रशियाशी जुने नाते आणि अमेरिकेचा वाढता दबाव समजून घ्यायचा असेल, तर दिल्लीतल्या भाषणांपेक्षा नगरच्या रणगाड्यांकडे पाहिलेले बरे.

संग्रहालयात काय दिसते?

नगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. शाळेच्या सहलीत आपण तिथे तोफेसमोर फोटो काढून परत आलो. आता पुन्हा गेलात तर प्रत्येक रणगाडा कोणत्या देशाचा आहे, ते वाचा. ब्रिटिश सेंच्युरियन, फ्रेंच एएमएक्स-१३, सोव्हिएत पीटी-७६, ब्रिटिश आराखड्यावर आवडीत बांधलेला विजयंता आणि पाकिस्तानकडून १९६५ मध्ये हाती लागलेला अमेरिकी पॅटन. त्या त्या काळात आपले कुणाशी जमत होते आणि कुणाशी बिनसले होते, याची ही नोंदवहीच आहे.

ऑक्टोबर १९६२ चे उदाहरण घ्या. चीनने हल्ला केल्यावर २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ रणगाडे विमानाने लडाखमधल्या चुशुलला उतरवण्यात आले. रणगाडे फ्रान्सचे आणि ते नेणारी एएन-१२ विमाने सोव्हिएत. त्याच आठवड्यात क्युबाचा पेच टोकाला गेला होता. चीनला दुखवायचे नाही म्हणून मॉस्कोच्या ‘प्रावदा’ने चीनच्या प्रस्तावाची बाजू घेतली. विमाने मॉस्कोची, पण पाठिंबा दुसऱ्याला! पुढे १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबवला. त्यानंतर भारत सोव्हिएत शस्त्रांकडे अधिकच झुकला.

आज परिस्थिती काय आहे?

१५ जून २०२० रोजी गलवानमध्ये २० भारतीय जवान हुतात्मा झाले. त्यानंतर पूर्व लडाखमध्ये जे रणगाडे चढवले गेले, ते टी-७२ आणि टी-९०, म्हणजे दोन्ही रशियन घराण्यातले. टी-९० चा पहिला करार २००१ मध्ये ३१० रणगाड्यांचा झाला. नंतर ते आवडीत बनू लागले, पण मूळ आराखडा रशियाचाच.

इथे थोडे इंजिनिअरिंग. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरवर हवा इतकी विरळ असते की इंजिनाला ऑक्सिजन कमी पडतो आणि ताकद घटते. त्यामुळे प्रत्येक टन वजनामागे किती अश्वशक्ती मिळते, हा आकडा निर्णायक ठरतो. टी-७२ चे वजन सुमारे ४१ टन आणि इंजिन ७८० अश्वशक्तीचे, म्हणजे टनामागे जेमतेम १९. चीनचा टाइप-१५ हा हलका रणगाडा सुमारे ३३ टनांचा आणि इंजिन १००० अश्वशक्तीचे, म्हणजे टनामागे ३०. सपाट वाळवंटात हा फरक चालून जातो, चढावर जात नाही.

यावर भारताने दोन मार्ग धरले. पहिला : मार्च २०२५ मध्ये टी-७२ साठी १००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा २४.८ कोटी डॉलरचा करार झाला. तो रशियाच्या रोसोबोरोनएक्सपोर्टशी. आवडीच्या कारखान्याला तंत्रज्ञान मिळणार, हा त्यातला महत्त्वाचा भाग. दुसरा : डीआरडीओ आणि एल अँड टी यांचा २५ टनांचा ‘जोरावर’. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने ४२०० मीटरहून अधिक उंचीवर गोळे डागून दाखवले. पण जोरावरचे इंजिनही परकेच. आधी जर्मन इंजिन ठरले होते. निर्यात परवानगी रखडली, म्हणून अमेरिकी कमिन्सचे बसवले. तोफेचा बुरूज बेल्जियमच्या कंपनीचा.

थोडक्यात, रशियावरचे अवलंबित्व कमी करताना ते अनेक देशांत वाटले जात आहे. सिप्रीच्या आकड्यांनुसार भारताच्या शस्त्र आयातीत रशियाचा वाटा २०१०-१४ मध्ये ७२ टक्के होता, २०२०-२४ मध्ये तो ३६ टक्क्यांवर आला. वाटून घेतलेले अवलंबित्व एकाच दारात उभे राहण्यापेक्षा नक्कीच बरे. पण त्याला स्वावलंबन म्हणणे जरा घाईचे होईल. उलट पाकिस्तानचे पाहा. त्याची याच काळातली ८१ टक्के आयात एकट्या चीनकडून आहे.

अमेरिकेला काय हवे आहे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मोदी-ट्रम्प भेटीनंतरच्या संयुक्त निवेदनात ‘स्ट्रायकर’ या चिलखती वाहनाच्या सहउत्पादनाचा उल्लेख आला. सहाच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, रशियन तेल घेतो म्हणून त्याच अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावले. एका हाताने वाहन पुढे करायचे, दुसऱ्या हाताने दंड आकारायचा. १९६५ चा अनुभव ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना याचे नवल वाटू नये.

स्ट्रायकरच्या चर्चेत नगरचे एक नाव मागे पडते. व्हीआरडीईने टाटांसोबत ‘व्हॅप’ हे आठ चाकी चिलखती वाहन तयार केले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या उत्पादनासाठी मोरोक्कोतील बेरेचिद इथे टाटांचा कारखाना सुरू झाला आणि संरक्षणमंत्री राजनाथ सिंह स्वतः उद्घाटनाला गेले. नगरशी नाते असलेले वाहन आफ्रिकेतल्या सैन्याला चालते, मग आपल्याला स्ट्रायकर कशाला, हा प्रश्न रास्त आहे.

आणि खारे कर्जुन्याचे काय?

के. के. म्हणजे खारे कर्जुने. २२ सप्टेंबर २०२० रोजी, गलवानची जखम ताजी असताना, याच रेंजवर अर्जुन रणगाड्याच्या तोफेतून लेझर-मार्गदर्शित क्षेपणास्त्र डागून तीन किलोमीटरवरचे लक्ष्य टिपण्यात आले. शस्त्राचा पल्ला वाढला की सरावाला जागाही जास्त लागते. त्याच वर्षी राहुरी, नगर आणि पारनेर तालुक्यांतल्या २३ गावांत जमीन जाण्याची भीती पसरली आणि विषय दिल्लीत संरक्षणमंत्र्यांपर्यंत गेला. या पट्ट्याने मुळा धरणाला जमीन दिली, राहुरीच्या कृषी विद्यापीठालाही दिली. गावे लष्कराच्या विरोधात नाहीत, अनेक घरांतली मुले फौजेत आहेत. त्यांचे म्हणणे एवढेच, की आणखी किती जमीन लागणार आणि कधी, ते एकदा नकाशावर दाखवा. विहीर खणायची की नाही, हे तोवर कसे ठरवायचे?