रात्रीच्या जागरणाचा जमाखर्च

रात्रीचे अडीच वाजलेले असतात. आसपासच्या घरांतील दिवे केव्हाच मालवलेले असतात. एका घरात मात्र पाच वर्षांचे मूल अंथरुणावर उठून बसलेले असते. त्याला आधी पाणी हवे असते, मग शू लागते, मग गोष्ट हवी असते. आई अर्धवट मिटल्या डोळ्यांनी हे सारे पुरवीत असते. वडील कूस बदलून ‘त्याला जरा धाक दाखव’ असे पुटपुटतात आणि पुन्हा घोरू लागतात. दुसऱ्या दिवशी मूल बाकावर स्थिर बसत नाही, म्हणून वहीत बाईंचा शेरा येतो. आईच्या हातून कचेरीत चूक होते, म्हणून साहेबांचा शेरा येतो. या दोन्ही शेऱ्यांचे मूळ आदल्या रात्रीत आहे, हे कोणाच्याच ध्यानात येत नाही.

ज्या मुलांना आज वैद्यकीय भाषेत ‘एडीएचडी’ म्हणतात, म्हणजे ज्यांचे अवधान टिकत नाही आणि ज्यांची चंचलता व उतावीळपणा वयाच्या मानाने फारच अधिक असतो, अशा मुलांच्या घरी हे दृश्य नित्याचे आहे. जगभरच्या पाहण्यांचा एकत्रित विचार करून २००७ साली जो अंदाज मांडण्यात आला, त्याप्रमाणे अशा मुलांचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास आहे. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सरासरीने तीन. या मुलांपैकी एक-चतुर्थांश ते निम्म्या मुलांना झोपेचा काही ना काही त्रास असतो, असे सामान्यतः मानले जाते. तेव्हा हा चार-दोन घरांचा खाजगी प्रश्न नव्हे. या मुलांची रात्र बव्हंशी सुधारता येते, आणि तीही महागड्या उपायांवाचून. परंतु त्यासाठी लागणारे कष्ट एकट्या आईच्या खात्यावर टाकले, तर चांगला उपायही फसतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

खोड की प्रकृती?

‘आमच्या वेळी असले आजार नव्हते; दोन धपाटे दिले की मूल झोपत असे,’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. आजार नव्हते असे नव्हे, त्यांना नाव नव्हते. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयीची आपली व्याख्याने १९०२ साली दिली. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये जी निदानपुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्यात ‘झोपेतही अतोनात हालचाल करणे’ हे या विकाराचे एक लक्षण म्हणून नोंदलेले होते. पुढे १९८७ च्या आवृत्तीत ते गळाले. पण पालकांची तक्रार काही गळाली नाही.

या मुलांचे झोपेशी वाकडे का असावे, याची काही कारणे आता कळू लागली आहेत. अंधार पडल्यावर शरीरात मेलाटोनिन नावाचे द्रव्य वाढू लागते आणि शरीर निद्रेची तयारी करते. एडीएचडी असलेल्या व झोप लवकर न येणाऱ्या मुलांची हॉलंडमध्ये पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. एडीएचडी असूनही वेळेवर झोपणाऱ्या मुलांच्या तुलनेत या मुलांमध्ये ही वाढ सुमारे पाऊण तास उशिरा सुरू होत असल्याचे तीत दिसून आले. म्हणजे आपण ज्याला हट्ट म्हणतो, तो पुष्कळदा मागे पडलेल्या घड्याळाचा दोष असतो. घड्याळ मागे पडले म्हणून कोणी त्याला थप्पड मारीत नाही.

दुसरी गोष्ट शिक्षकबंधूंनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. झोप अपुरी झालेला मोठा माणूस पेंगतो. लहान मूल मात्र पुष्कळदा अधिकच पिसाळते. धावते, चिडते, रडते, मारामारी करते. चंचलतेने झोप हरवते आणि हरवलेल्या झोपेने चंचलता वाढते. हे चक्रवाढ व्याजाचे कर्ज आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितले आहे. पाच वर्षांचे मूल रात्री अकराला झोपून सकाळी सहाला उठले आणि दुपारी झोपले नाही, तर रोजची तूट किमान तीन तासांची. आठवड्यातील शाळेच्या सहा दिवसांची तूट अठरा तासांची. रविवारी उशिरापर्यंत झोपू देऊन ही तूट भरून निघत नाही. उलट सोमवारचे घड्याळ आणखी मागे पडते.

उपाय साधे, पण चिकाटीचे

ऑस्ट्रेलियात झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. एडीएचडी असलेली पाच ते बारा वर्षे वयाची २४४ मुले त्यात होती. त्यांतील निम्म्यांच्या पालकांना तज्ज्ञाने दोन भेटी दिल्या, एकदा दूरध्वनीवरून विचारपूस केली आणि मुलाला झोपविण्याची पद्धत समजावून दिली. एवढ्यानेच सहा महिन्यांनंतरही त्या मुलांची झोप इतरांच्या तुलनेने सुधारलेली आढळली आणि दिवसाची चंचलताही थोडी उतरली. नवे औषध नाही, यंत्र नाही, केवळ पद्धत. ती पद्धत कोणती?

पहिली पायरी वहीची. दोन आठवडे रोज लिहावे: मूल अंथरुणावर केव्हा गेले, झोप केव्हा लागली, किती वेळा उठले, सकाळी केव्हा जागे झाले. समजा, मूल नऊला अंथरुणावर जाते आणि अकराला झोपते. मग मधले दोन तास हे झगड्याचे तास आहेत, आणि अंथरूण म्हणजे झगडा अशी त्याच्या मनाची समजूत झालेली आहे. अशा वेळी आरंभी काही दिवस त्याला अकराच्या सुमारासच निजवावे आणि झोप चटकन लागू लागली, की दर तीन-चार दिवसांनी ही वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. सकाळी उठण्याची वेळ मात्र रविवारीही बदलू नये आणि उठल्यावर मुलाला उजेडात न्यावे. शरीराचे घड्याळ लावण्याची किल्ली रात्रीइतकीच सकाळीही असते.

दुसरी पायरी क्रमाची. जेवण, दात घासणे, शू, अंथरूण, गोष्ट, दिवा बंद, हा क्रम रोज तोच हवा. या मुलांना एका दमात सांगितलेल्या चार गोष्टींपैकी तीन आठवत नाहीत; तो त्यांचा उद्धटपणा नव्हे. म्हणून एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि क्रमाची चित्रे काढून भिंतीवर लावावीत. झोपण्यापूर्वी तासभर दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद, आणि तेही मोठ्यांसकट सर्वांचे. संध्याकाळी मैदानावर भरपूर दमू द्यावे. पण निजण्याच्या तोंडावर मस्ती नको. आपल्याकडे बिस्किटाबरोबर बशीभर चहा मुलालाही देण्याची चाल आहे. निदान दुपारनंतर तो बंद करावा.

तिसरी पायरी अवघड आहे. प्रत्येक माणूस रात्रीतून अनेकदा क्षणभर जागा होतो आणि पुन्हा झोपी जातो. जे मूल थोपटता थोपटता किंवा मोबाइल पाहता पाहता झोपते, त्याला मध्यरात्री जाग आली की तेच थोपटणे आणि तोच मोबाइल हवा असतो. ती सवय हळूहळू सोडवावी लागते: काही दिवस थोपटण्याऐवजी नुसता हात ठेवावा, मग शेजारी बसावे, मग थोडे दूर बसावे. मुलाला स्वतंत्र खोली द्या, हा परदेशी पुस्तकांतील सल्ला एका खोलीत पाच माणसे राहणाऱ्या घराला निरुपयोगी आहे. त्याची आवश्यकताही नाही. मूल आईच्या कुशीत झोपले तरी हरकत नाही. मध्यरात्री दिवा लागू नये, गप्पा होऊ नयेत आणि रोजचे उत्तर एकच असावे, इतके पुरे. पाणी, शू, गोष्ट अशा मागण्यांसाठी रोज एक चिठ्ठी मुलाच्या उशाशी ठेवावी. ती एकदा वापरली की संपली. न वापरता सकाळी परत केली, तर मनापासून शाबासकी द्यावी. पहिल्या काही रात्री रडणे वाढते, आणि नेमके तेव्हाच बहुतेक घरे माघार घेतात. बागुलबुवाची भीती घालणे मात्र पूर्णपणे टाळावे. भ्यालेले मूल गप्प पडून राहते, झोपत नाही.

काही गोष्टी वैद्याकडे नेल्याच पाहिजेत. मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर नाकामागील ग्रंथी वाढल्या आहेत काय ते पाहावे. पायांत वळवळ होते अशी तक्रार असेल, तर शरीरातील लोह तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा ६८.९ मुलांत रक्तक्षय आढळला होता. ज्या राज्याची ही स्थिती, तेथे ही तपासणी चैनीची म्हणता येणार नाही. एडीएचडीवरील उत्तेजक वर्गातील औषधांनी काही मुलांची झोप लांबते; म्हणून मात्रेची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी, आपल्या मनाने औषध बंद करू नये. मेलाटोनिनही त्यांच्या सल्ल्यावाचून नको. खोकल्याचे औषध पाजून मूल झोपविण्याचा उद्योग तर सर्वस्वी घातक आहे. त्याने काही मुले उलट अधिकच उत्तेजित होतात.

कष्ट कोणाच्या खात्यावर?

येथवरचे वाचून ‘हे सारे करणार कोण?’ असा प्रश्न एखाद्या मातेने विचारला, तर तो रास्त आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार, १५ ते ५९ वयोगटातील शेकडा ४१ स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करतात आणि त्यात दिवसाचे सरासरी १४० मिनिटे घालवितात. पुरुषांत हे काम करणारे शेकडा २१.४, आणि त्यांची मिनिटे ७४. या श्रमाचा राष्ट्रीय उत्पन्नात समावेश होत नाही, हे आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. आपापल्या घरात तो हिशेब किती जणांनी मांडला?

प्रस्तुत लेखकाने तर मांडला नव्हता. त्याच्या मुलाला हा विकार आहे. सकाळचा पहिला तास आपला, या सबबीवर त्याने दोन वर्षे रात्री डोळा उघडला नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पत्नीने चौदा रात्रींची वही ठेवली. त्यात मूल एकेचाळीस वेळा उठले होते. त्यांपैकी वडिलांच्या नावापुढे तीन खुणा होत्या. पत्नीने वही पुढे सरकविली आणि ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे, असे वाटले. त्या दिवसापासून रात्र वाटून घेतली: एक वाजेपर्यंत वडील, नंतर आई. पद्धत पूर्वीचीच होती. पण जी आठवडाभरही टिकत नव्हती, ती आता टिकली, कारण थकलेले माणूस नियम पाळू शकत नाही. दोन महिन्यांनी मूल रात्रीतून एखाद्या वेळीच उठू लागले. पाहुणे आले किंवा ताप आला की घडी अजूनही विस्कटते, आणि मग पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. चमत्कार झालेला नाही. परंतु घर माणसात आले आहे.

तथापि सर्व भार कुटुंबावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, तेव्हा दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांची आणि बसच्या फेऱ्यांची अडचण पुढे करण्यात आली. अडचणी खऱ्या आहेत. पण बसच्या सोयीसाठी मुलांची झोप मोडावी, हा व्यवहार उफराटा आहे. अर्थात शाळा उशिरा भरते म्हणून घरची निजण्याची वेळही पुढे ढकलली, तर हाती शून्यच उरेल. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकांवर २००० सालच्या नियमांनी बंदी आहे, आणि सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सवलत द्यावयाची तर वर्षातून पंधरा दिवसांपुरतीच. हा नियम पाळणे म्हणजे शेजारच्या मुलाला दिलेले औषधच होय.

शासनाला एक सूचना करावीशी वाटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि त्यात तपासावयाच्या विकारांच्या यादीत एडीएचडीचाही समावेश आहे. तपासणीस येणाऱ्या पथकाने प्रत्येक पालकाला ‘मूल रात्री कसे झोपते?’ एवढे विचारावे आणि गरज दिसेल तेथे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पालकांना ही पद्धत शिकवावी. ऑस्ट्रेलियात ज्याला दोन भेटी आणि एक दूरध्वनी लागला, ते आपल्या परिचारिकांना व समुपदेशकांना अशक्य नाही.

शिक्षकांकडे मागणे याहून लहान आहे. शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केलीच आहे. पण शेरा लिहिण्यापूर्वीही एकदा मुलाला जवळ बोलावून विचारावे: ‘बाळ, काल रात्री झोपलास का?’ आणि घरी परतणाऱ्या पित्याने आज रात्री ती वही आपल्या उशाशी घ्यावी.