वाटले ते वाचले

आमच्या तालुक्याच्या गावी संगणक बिघडला की त्यावर एकच औषध सांगितले जाते, ‘फॉरमॅट मारा.’ यंत्र मंद चालते, फॉरमॅट मारा. पडद्यावर नको त्या जाहिराती येतात, फॉरमॅट मारा. व्हायरस शिरला असेल, मग तर विचारायलाच नको. तीनशे रुपयांत यंत्र नव्यासारखे होऊन परत येते आणि घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. या उपचाराने यंत्र बरे होते, हे मी नाकारीत नाही. माझे म्हणणे एवढेच, की यंत्र बरे होणे आणि घराचे नुकसान भरून येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि ज्या घरात कॉलेजचे शिक्षण पहिल्यांदाच आले आहे, त्या घराने तर हा भेद नीट ओळखून घ्यायला हवा.

असे मी का म्हणते? पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या घरांत कागदांच्या अनेक जागा असतात. कपाटात फायली असतात, ओळखीच्या वकिलाकडे नकला असतात, काकांच्या घरी आणखी एखादा संच असतो. आमच्यासारख्या घरांत पूर्वी एकच पत्र्याची पेटी असायची. आता त्या पेटीची जागा संगणकाने घेतली आहे, आणि तोही बहुधा कुणाचा तरी वापरलेला. आमच्या घरचा संगणक दादाने अकरा हजारांत जुना घेतला. त्यात सातबाऱ्याची छायाप्रत होती, जातीचा दाखला होता, शिष्यवृत्तीचे अर्ज होते, आईच्या बचत गटाचे हिशेब होते. आणि माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची ३१ ध्वनिमुद्रणे होती. आजी २०२२ साली गेली. म्हणजे पेटीतले बाकीचे कागद पुन्हा मिळण्यासारखे होते, ओव्या मात्र पुन्हा कुणाकडून म्हणवून घेता येणार नव्हत्या.

२०२३ साली, मी बारावीत असताना, आमच्याकडे एका नातेवाइकाने लग्नपत्रिका सजवण्यासाठी चित्रे जुळवण्याचा एक प्रोग्रॅम ‘फुकटात’ उतरवून घेतला. हे प्रोग्रॅम मुळात महाग असतात. त्यांचे कुलूप तोडून कुणीतरी ते इंटरनेटवर ठेवलेले असतात आणि त्यांच्यासोबत आणखी काय बांधून दिले आहे ते आपल्याला दिसत नाही. त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येक फाइलीच्या नावाला शेपटीसारखी चार अक्षरे लागली आणि एकही फाइल उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी होती: तुमच्या फायलींना कुलूप लावले आहे, किल्ली हवी असेल तर ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क साधाल तर निम्मी सूट, म्हणजे ४९० डॉलर. त्या वेळच्या दराने सुटीनंतरची ही रक्कम चाळीस हजारांच्या घरात जात होती. अकरा हजारांच्या यंत्रासाठी चाळीस हजारांची खंडणी! दुकानदार नेहमीप्रमाणे ‘फॉरमॅट करून देतो’ म्हणाला. त्यावर आईने फक्त एवढेच विचारले, “मंग आजीचे गाने कुठी गेले?” या प्रश्नाला दुकानदाराकडे उत्तर नव्हते. म्हणून आम्ही यंत्र तसेच घरी परत आणले.

या प्रकाराला रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीखोर प्रोग्रॅम म्हणतात. तो काही कालपरवाचा नाही. १९८९ साली जोसेफ पॉप नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने एड्सविषयी माहिती देणाऱ्या म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने पाठविल्या होत्या. त्या वापरणाऱ्याच्या फायलींची नावे काही दिवसांनी वाचता येईनाशी होत आणि पनामातल्या एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा, अशी मागणी येई. ते कुलूप साधे होते. जाणकारांनी लवकरच उघडून दाखविले. पुढे मात्र कुलपे पक्की होत गेली. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला, इंग्लंडमधल्या इस्पितळांचे कामसुद्धा अडले. आज चांगल्या रीतीने लावलेले असे कुलूप किल्लीवाचून फोडणे अशक्यप्राय आहे आणि किल्ली चोरापाशी असते.

मग खंडणी द्यावी का? माझे स्पष्ट मत आहे की देऊ नये. एक तर किल्ली मिळेलच याची हमी नाही. चोराने पावती दिली तरी ती चोराचीच पावती. दुसरे असे, की आपल्या पैशावर पुढच्या घराचे कुलूप तयार होते. परंतु खंडणी न देणे म्हणजे फॉरमॅट मारून मोकळे होणे नव्हे. २०१६ च्या मे महिन्यात ‘टेस्लाक्रिप्ट’ नावाच्या अशाच प्रोग्रॅमच्या कर्त्यांनी आपला धंदा बंद केला आणि मुख्य किल्ली जाहीर करून टाकली. ज्यांनी कुलूपबंद फायली जपून ठेवल्या होत्या त्यांच्या फायली एक पैसा न देता उघडल्या. ज्यांनी यंत्र पुसून टाकले होते त्यांच्या हाती किल्ली आली, पण उघडायला काही उरले नव्हते. कुलूपबंद फाइल म्हणजे मेलेली फाइल नव्हे, ही गोष्ट प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानात पाटीवर लिहून लावावी असे मला वाटते.

आमच्या घरी जो प्रोग्रॅम शिरला तो ‘स्टॉप देजाव्हू’ या जातीचा होता. जात ओळखण्यासाठी मायकेल गिलेस्पी या अमेरिकन तरुणाने ‘आयडी रॅन्समवेअर’ ही मोफत सोय केलेली होती. चिठ्ठी आणि एक नमुना फाइल दिली की ती नाव सांगे. या जातीची एक गंमत अशी, की कुलूप लावण्याच्या वेळी तिचा आपल्या मालकाशी संपर्क झाला नाही तर ती सोबत आणलेली ठरलेली किल्ली वापरते. अशा वेळी चिठ्ठीतल्या ओळखक्रमांकाच्या शेवटी ‘टी १’ असते आणि ती किल्ली कधी ना कधी सापडू शकते. एमसिसॉफ्ट या कंपनीने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये या जातीसाठी मोफत किल्लीयंत्र काढले, तेही याच आधारावर पुढे चालले. आमच्या चिठ्ठीच्या शेवटी ‘टी १’ नव्हते. म्हणजे किल्लीचा रस्ता आमच्यापुरता बंद होता.

दादाच्या एका मित्राच्या मदतीने आम्ही काम हाती घेतले, ते क्रमाने सांगते, कारण क्रम चुकला तर असलेलेही जाते. प्रथम इंटरनेटची जोडणी तोडली. पेन ड्राइव्ह लावला नाही, कारण हा प्रोग्रॅम थोड्या थोड्या वेळाने पुन्हा जागा होतो आणि नव्या फायलींनाही कुलूप लावतो. जुनी डिस्क काढून, चिठ्ठीसकट, तशीच बाजूला ठेवली आणि दुसऱ्या डिस्कवर नव्याने विंडोज बसविले. जुन्या डिस्कवरचा प्रोग्रॅम तपासून साफ केल्यावरच तिच्यातल्या कुलूपबंद फायली उतरवून घेतल्या. ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले, कारण या जातीबरोबर पासवर्ड चोरणारा जोडीदार पुष्कळदा येतो. हे सगळे करायला चार दिवस लागले. फॉरमॅटला एक तास लागला असता.

या चार दिवसांचे फळ काय मिळाले? सातबारा सरकारी संकेतस्थळावरून पुन्हा काढता आला. दाखल्याची प्रत शिष्यवृत्तीच्या अर्जाबरोबर कॉलेजात होती. बचत गटाचे हिशेब आईने वहीत लिहिलेले होतेच, आणि त्या वहीला कुणी कुलूप लावू शकत नव्हते. ओव्यांपैकी १४ ध्वनिमुद्रणे आत्याला आणि दोन मावश्यांना फोनवर पाठविलेली होती. ती जशीच्या तशी परत आली. उरली १७. येथे त्या प्रोग्रॅमची घाई आमच्या कामी आली. हजारो फायलींना झटपट कुलूप लावायचे म्हणून तो प्रत्येक फाइलीचा फक्त पहिला १५० किलोबाइटचा भाग कुलूपबंद करतो. ‘मीडिया रिपेअर’ नावाच्या एका मोफत साधनाने त्यापुढचे ध्वनी वेगळे काढता येतात. आमची ध्वनिमुद्रणे १२८ किलोबिटची एमपी-थ्री होती. त्या हिशेबाने प्रत्येकाचे पहिले नऊ-दहा सेकंद गेले आणि बाकीचे राहिले. त्या १७ ध्वनिमुद्रणांत आजी आता ओवीच्या मध्यातूनच गायला लागते. त्या ओव्या ऐकून मी एका फाइलीत टिपल्या होत्या, कोणती ओवी कोणत्या प्रसंगाची तेही लिहिले होते. ती फाइल जेमतेम ६० किलोबाइटची, त्यामुळे सगळीच कुलपाखाली गेली. टिपण पुरे झालेले नसल्याने ते आणखी कुणाकडे नव्हते.

मित्रहो, या यादीकडे नीट पाहिले की एक गोष्ट आपोआप दिसते. जे दुसऱ्याला दिलेले होते ते संपूर्ण परत आले. जे फक्त आपल्या घरी होते ते तुटके आले किंवा गेलेच. आपण मात्र आयुष्यभर याच्या उलट शिकत आलो, की मौल्यवान वस्तू कुणाच्या हाती लागू देऊ नये.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. मराठीच्या अभ्यासात आपण ‘लीळाचरित्र’ वाचतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी रिद्धपुरी सिद्ध केलेली ती पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत हरवली, असे महानुभाव परंपरा सांगते. ती पुन्हा उभी राहिली, कारण हिराइसेसारख्या शिष्येला ती पाठ होती आणि इतरांजवळही तिचे पाठ होते. त्यांच्यात थोडाफार फरक पडला, अभ्यासक अजून त्यावर वाद घालतात. पण वाद घालायला ग्रंथ तरी उरला. पुढे याच पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहिले गेले, आणि किल्ली ठाऊक नसल्याने शेकडो वर्षे बाहेरच्या वाचकाला ते हातात असूनही बंद होते. कुलूपबंद फाइल म्हणजे काय, हे आपल्याला विज्ञान शाखेच्या मित्राकडून समजून घेण्याची गरज नाही.

कुणी म्हणेल, ‘मग काय आधार कार्ड आणि बँकेचे कागद गावभर वाटायचे?’ अर्थातच नाही. अशा कागदांची प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर काढावी आणि तो संगणकापासून वेगळा काढून ठेवावा. सतत जोडून ठेवलेली दुसरी डिस्क ही दुसरी प्रत नव्हे; कुलूप तिलाही लागते. परंतु गाणी, गोष्टी, घराची माहिती, गावाचा इतिहास, आपल्या कविता, यांत लपविण्यासारखे काय असते? ते वाटावे, आणि अपुरे असले तरी वाटावे.

दुसरा आक्षेप असा घेतला जाईल, की चोरीचा प्रोग्रॅम घेतलाच कशाला? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना लोक असे गृहीत धरतात, की आमच्यासारख्या घरांना एक तर महाग तरी परवडावे किंवा चोरीचे तरी घ्यावे. तिसरा मार्ग आहे. लिब्रे ऑफिस, गिम्प यांसारखे प्रोग्रॅम रीतसर मोफत मिळतात आणि त्यांत मराठीही उत्तम लिहिता येते. हे आम्हांला शाळेत कुणी सांगत नाही, शिकवणी वर्गातही सांगत नाहीत. गरिबाला नीतीचा उपदेश लवकर मिळतो, त्या मानाने माहिती फार उशिरा मिळते.

म्हणून माझी आपल्या कॉलेजला एक सूचना आहे. दरवर्षी जानेवारीत, परीक्षेच्या धावपळीआधी, ग्रंथालयात एक दुपार ठेवावी. विद्यार्थ्यांनी आपले फोन आणि पेन ड्राइव्ह घेऊन यावे. तपासणी करून प्रत्येकाला खासगी कागदांची वेगळी प्रत काढून द्यावी, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांच्या घरच्या ओव्या, गोष्टी, म्हणी यांची एक प्रत ग्रंथालयाने नावानिशी आपल्याकडे ठेवावी. याला फार पैसा लागणार नाही. एक चांगली डिस्क आणि दोन हौशी विद्यार्थी पुरेत. आणि आपल्यावर असा प्रसंग आलाच तर दुकानात जाण्याआधी १९३० या सरकारी क्रमांकावर फसवणुकीची तक्रार नोंदविता येते, हेही त्या दुपारी सांगावे.

माझ्यापुरते मी काम सुरू केले आहे. मोठ्या मावशीला आजीच्या पुष्कळ ओव्या येतात. ती सांगते आणि मी हरवलेल्या सुरुवाती पुन्हा टिपून घेते; आतापर्यंत १७ पैकी ६ जुळल्या. मावशीचे शब्द कुठे कुठे आजीहून वेगळे आहेत, तेही तसेच लिहिते. प्रत्येक पान पुरे झाले की त्याच दिवशी चार घरी पाठविते. तुमच्या घरी अशी एखादी मावशी असेल, तर तिचे म्हणणे टिपायला परीक्षा संपण्याची वाट पाहू नका.

— द्वितीय वर्ष, कला