मशीन बंद पडली की माणूस आठवतो

गोदीतली पाळी संपवून डहाणू लोकलनं उमरोळीला उतरतो तेव्हा अंगाला मीठ, ग्रीस आणि दुसऱ्याच्या मालाचा वास असतो. अशाच अंगानं आम्ही तिघा पोरांनी पाण्याची मशीन बांधली. प्रेशर वॉशर. बागाईतदार चिकूवर औषध मारतात तो एचटीपी पंप भंगारातून उचलला. दोन हॉर्सपॉवरची जुनी मोटर, पट्टा, दोन पुल्या, खाली लोखंडी अँगल. मोटर मिनिटाला १४४० फेरे मारते, पंपाला आठ-नऊशेच मानवतात. म्हणून मोटरवर तीन इंची पुली, पंपावर पाच इंची. शाळेत घोकलेलं गुणोत्तर पहिल्यांदा कामाला आलं.

बटण दाबलं. नोझलमधून आली नुसती पिचकारी! शेजारचे तात्या म्हणाले, "कविता लिव्हणाऱ्याचं काम न्हाय ते."

दोस्तांनो, पंप दाब तयार करत नाही. तो फक्त पाणी ढकलतो. दाब तयार होतो वाट अडवल्यावर, नोझलच्या बारक्या भोकापाशी. (तुम्हाला दुसरं काही आठवलं असेल तर ते तुमच्यापाशी ठेवा.) भोक झिजलं की दाब गेला. पण आमचं नोझल नवं होतं, आणि काटा नाचत होता. काटा नाचतो म्हणजे एखाद्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय, नाहीतर पंप हवा गिळतोय. ओढणारा पाइप फुटला तरी गळत नाही, उलट हवा आत घेतो. म्हणून दिसत नाही. सांध्याला साबणाचा फेस लावला, फेस आत गेला. चोर सापडला. एक सैल क्लिप.

मग आम्ही गाढवपणा केला. पिंप रिकामं झालं तरी मोटर चालूच. कोरड्या पंपानं सील खाल्लं, पाणी तेलात शिरलं, तेल दुधासारखं झालं. सील बदललं, तेल बदललं. अर्थिंग आणि ईएलसीबीला मात्र पैसे मोजून दिले. ओल्या पायानं उभ्या माणसाच्या जिवावर काटकसर करायची नाही. धारेसमोर हात धरायचा नाही. कातडीत पाणी घुसलं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी दवाखाना गाठायचा.

हे सगळं या पानांवर कशाला? सांगतो.

सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटार आणि सेप्टिक टाकी साफ करायला उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मरणाची भरपाई १० लाख ठरवली, २०२३ साली ३० लाख केली. मरणाचा भाव वाढला, मरण थांबलं नाही. मशीन नाही म्हणून? मी एके ठिकाणी पाहिलं, जेटिंगची गाडी उभी होती. होज फाटलेला. बदलायला कुणाला सवड नव्हती. ठेकेदारानं नाक्यावरून दोन माणसं उचलली. कुठल्या वस्तीतली, ते विचारू नका.

आपली शिकलेली पोरं म्हणतात, बाबासाहेबांनी घाणीची कामं सोडायला सांगितली, तू पुन्हा धुवायला कशाला बसलास? मी म्हणतो, काम सोडा, पण पाना सोडू नका. मशीन दुरुस्त करणारा हात आपला नसेल, तर ती बंद पडल्यावर खाली जाणारं अंग आपलंच असतं.

आमची मशीन रिक्षा धुते, होडीचं शेवाळ काढते. टाकीला आम्ही ती लावत नाही. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, दोन श्वासांत माणूस आडवा. तिथं गाळ ओढणारी टँकरगाडीच पाहिजे, आणि आत कुणीही नाही.

परवा एकाचा फोन आला. "गाडी महाग पडते, दोन पोरं पाठव ना." मी म्हटलं, "साहेब, टाकी तुमची ना? मग उतरा की." फोन कटला. मी परत पंपाचं तेल बघायला बसलो.