सृष्टीची कथा आणि राबणारा हात



आपल्या घरांतून देव्हारे गेले, नवस गेले, अंगारेधुपारे गेले. परंतु देव्हाऱ्याबरोबर घरातील प्रश्न जात नाहीत. मिशनच्या शाळेत जाणारे किंवा ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या मुलांत खेळणारे आपले मूल एके दिवशी घरी येऊन विचारते, 'देवाने हे जग सहा दिवसांत केले म्हणतात, ते खरे का?' अशा वेळी आपल्यापैकी काहीजण मुलाला गप्प बसवितात, तर काहीजण त्या कथेची टर उडवितात. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. ज्याने प्रश्न विचारण्याचा अधिकार मोठ्या कष्टाने मिळविला, त्याने आपल्या मुलाचा प्रश्न दडपणे शोभत नाही. आणि दुसऱ्याच्या श्रद्धेची न वाचताच टवाळी करणे हा विवेक नव्हे.

म्हणून प्रथम ती कथा काय सांगते ते पाहू. बायबलातील 'उत्पत्ति' या पहिल्या पुस्तकाच्या आरंभी देव शब्दमात्रे प्रकाश निर्माण करतो, मग आकाश, भूमी, वनस्पती, सूर्यचंद्र, जलचर, पक्षी व पशू निर्माण करतो आणि सहाव्या दिवशी मनुष्य घडवितो. सातव्या दिवशी तो विसावा घेतो. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, आणि त्यात पुरुष व स्त्री दोघेही आले, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. दुसऱ्या अध्यायात देव मातीपासून माणूस घडवितो आणि बागेची मशागत व राखण करण्याच्या कामी त्याला लावतो.

ही कथा अक्षरशः खरी मानता येईल काय? नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली बायबलातील वंशावळींवरून हिशेब मांडून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी ठरविला. पुढे १९५६ साली, म्हणजे ज्या वर्षी नागपूरला आपल्या लोकांनी धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी, क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने उल्कापाषाणांतील शिशाच्या मोजमापावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. तो आकडा आजही जवळपास तसाच मानला जातो. माणूस पूर्वीच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला हे शिकविणे अमेरिकेतील टेनेसी राज्याने गुन्हा ठरविले होते. १९२५ साली जॉन स्कोप्स या शिक्षकाला त्यासाठी १०० डॉलर दंड झाला. वरच्या न्यायालयाने तो दंड १९२७ साली तांत्रिक मुद्द्यावर रद्द केला, पण कायदा मात्र १९६७ सालापर्यंत टिकला. धर्मग्रंथाच्या हाती शाळेच्या किल्ल्या दिल्या म्हणजे काय होते, याचा हा दाखला ध्यानात ठेवावा.

परंतु सगळे ख्रिस्ती लोक असेच मानतात, हा समजही तितकाच खोटा आहे. विश्व एका आदिकणापासून प्रसरण पावत आले, हा विचार १९३१ साली मांडणारे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. आपल्या विज्ञानाचा आधार घेऊन बायबल सिद्ध करावे, हे त्यांना मान्य नव्हते. तेव्हा शेजारी ख्रिस्ती आहे म्हणून तो विज्ञानाचा वैरी आहे, असे आपण धरून चालू नये.

आता मी आपणांस दुसरा प्रश्न विचारतो. सृष्टीची कथा राबणाऱ्या हाताला कोणते स्थान देते? आपणांस हा प्रश्न पृथ्वीच्या वयापेक्षा जवळचा आहे. कारण ज्या कथेने आपल्या पूर्वजांना चिरडले तीही सृष्टीचीच कथा होती. पुरुषसूक्ताने शूद्र पायांपासून उत्पन्न केला आणि अस्पृश्याला तर त्या देहात जागाच ठेवली नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायाने सुतार, लोहार व चर्मकार यांचे अन्न ब्राह्मणाला वर्ज्य ठरविले. म्हणजे जो घडवितो तोच हीन!

याच्या उलट बायबलातील देव स्वतः काम करतो व स्वतः थकव्याचा मान राखतो. विसाव्याचा दिवस दासाला, दासीला, परक्याला आणि बैलालाही द्यावा, अशी तेथे आज्ञा आहे. 'निर्गम' या पुस्तकात बसालेल नावाचा कारागीर येतो. तो सोने, रुपे, पितळ, पाषाण आणि लाकूड यांवर काम करणारा. आणि देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले, असे सांगितले आहे. येशूला त्याच्या गावचे लोक सुतार म्हणून ओळखत. पौल तंबू करून पोट भरीत असे. १३८१ सालच्या इंग्लंडमधील शेतकऱ्यांच्या बंडात जॉन बॉल या धर्मोपदेशकाने आदाम व हव्वा यांच्या कष्टाचाच दाखला देऊन, आरंभी कोणी सरदार नव्हता, हे लोकांना पटविले.

मग ही कथा स्वीकारली म्हणजे झाले काय? इतके सोपे असते तर जगात ख्रिस्ती गुलामगिरी झाली नसती. त्याच ग्रंथाने दासाला विसावा दिला, पण दास्य मोडले नाही. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलातील निवडक भागांचे एक पुस्तक छापले गेले. त्यातून मिसरच्या दास्यातून लोक सुटल्याची कथा वगळली होती! आपल्या देशात तर देवाच्या प्रतिरूपाची शिकवण देणाऱ्या कित्येक चर्चमध्ये दलित ख्रिस्त्यांची बाके वेगळी आणि मेल्यावर कबरीही वेगळ्या राहिल्या. कथा चांगली असली तरी माणसाने वागणूक बदलल्यावाचून ती कोणालाही मुक्त करीत नाही, हा यातला धडा आहे.

आपल्या महाराष्ट्रातच या वागणुकीचे एक उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम १९२२ साली, आपल्या मृत्यूच्या थोडे आधी, पूर्ण केले. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते खिळे जुळविणारे हात स्त्रियांचे होते. ज्या स्त्रियांना समाजाने टाकले होते, त्यांनी ग्रंथ घडविला. रमाबाईंच्या श्रद्धेशी आपले मत जुळो वा न जुळो, त्या हातांपुढे आपण आदराने उभे राहिले पाहिजे.

आणि येथेच मला आपल्या घरातील एक चूक दाखवायची आहे. बाबासाहेबांनी आपणांस जातीने लादलेली घाणेरडी कामे टाकावयास सांगितले, ते योग्यच होते. पण लादलेले काम टाकणे वेगळे आणि हाताच्या कौशल्याची लाज बाळगणे वेगळे. आजीने शिवलेली गोधडी पाहुणे आले की लपविली जाते. बाप गवंडी आहे हे मुलगा शाळेत सांगत नाही. असे करताना आपण मनूचाच निवाडा आपल्या घरात चालवीत असतो!

म्हणून मुलाने विचारले, 'जग कोणी केले?' तर त्याला प्रामाणिकपणे सांगा की आपला धम्म निर्मात्यावर उभा नाही. पृथ्वी, तारे आणि जीव कारणपरंपरेने झाले व शास्त्रज्ञ ती परंपरा शोधीत आहेत. मग त्याला विचारा, 'ही भिंत कोणी बांधली? हा रस्ता कोणी केला? तुझ्या अंगावरचे कापड कोणी विणले?' त्याला त्या माणसांकडे घेऊन जा. आठवड्यातून एक दिवस घरातील आईलाही कामातून खरा विसावा द्या, आणि त्या दिवशी मुलाच्या हातात माती, कागद, सुई किंवा रंधा द्या. स्वतःच्या हाताने काहीतरी घडविलेले मूल कोणाच्याही पायांतून जन्मल्याची गोष्ट पुन्हा खरी मानणार नाही.