तारीख नको, वेळ लिहा

अल्फा फीटोप्रोटीन, आमच्या भाषेत एएफपी, हे प्रथिन पोटातल्या बाळाचं यकृत भरपूर तयार करतं. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचं जनुक जवळपास बंद होतं आणि धडधाकट माणसात ते बंदच राहतं. डोंबिवलीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली, पण पन्नाशीच्या गृहस्थाच्या रक्तात हे प्रथिन मशीनच्या मर्यादेबाहेर निघालं की अजूनही पोटात गोळा येतो. सीरम पातळ करून नमुना पुन्हा लावायचा, आकडा आला की पातळ केलं त्या पटीनं गुणायचा. तो हजारांत गेला की डॉक्टरांना फोन करायचा. अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: यकृताच्या पेशी पुन्हा गर्भातल्यासारख्या वागू लागल्या आहेत.

१९६३ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ गॅरी अबेलेव्ह यांना यकृताचा कर्करोग असलेल्या उंदरांत हे प्रथिन सापडलं आणि पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांना ते माणसांत दिसलं. त्यातून हेच दिसतं की यकृताचा कर्करोग म्हणजे कुठलं जनुक चालू ठेवायचं आणि कुठलं बंद, या व्यवस्थेचा बिघाड आहे. मेंदूच्या आणि यकृताच्या पेशीत जनुकं तीच असतात. वेगळेपण येतं ते या चालू-बंदमधून.

ही व्यवस्था बिघडवण्यात हिपॅटायटिस बीचा विषाणू, म्हणजे बी प्रकारच्या काविळीचा, मोठा वाकबगार आहे. तो पेशीच्या केंद्रकात ठाण मांडतो. त्याचं एक्स नावाचं प्रथिन आपल्या जनुकांच्या कामात ढवळाढवळ करतं. त्याच्या डीएनएचे तुकडे आपल्या डीएनएत घुसतात आणि पुष्कळदा ते नेमके टर्ट नावाच्या जनुकाशेजारी सापडतात. मोठ्या माणसाच्या यकृतात हे जनुक जवळपास गप्प असतं, म्हणून पेशीच्या विभाजनाला मर्यादा राहते. ते जागं झालं की मर्यादा संपली. विषाणू नसलेल्या रुग्णांतही या जनुकाच्या सुरुवातीच्या भागात एका अक्षराचा बदल वारंवार आढळतो. दारू, मधुमेह, फॅटी लिव्हर हेही यकृताला त्याच वाटेवर नेतात, आणि आपल्याकडे हे तिन्ही वाढलेत. पण त्यांच्यावर लस नाही. हिपॅटायटिस बीवर आहे, आणि माझं म्हणणं तिच्याविषयी आहे.

मोठेपणी हा संसर्ग झाला तर शंभरातली पंच्याण्णवाहून अधिक माणसं विषाणू झटकून टाकतात. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला झाला तर शंभरातल्या नव्वद बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. पुढची तीस-चाळीस वर्षं काहीच दुखत नाही. म्हणून लसीचा पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हवा. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला १२ तासांच्या आत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही हवं.

आता आपल्याकडचं चित्र. डोंबिवलीतल्या एका खासगी प्रसूतिगृहातून निघालेलं लसीकरण कार्ड माझ्या नात्यातल्या मुलीनं दाखवलं. बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी, तिन्हींपुढे एकच तारीख: घरी सोडल्याची. सिझेरियन होतं, म्हणजे बाळ चार दिवसांचं झालेलं. बीसीजीची एक कुपी बऱ्याच बाळांना पुरते, म्हणून ती फोडायला थांबतात, हे समजू शकतं. हिपॅटायटिस बीची एका डोसाची कुपी मिळते. तिला कशासाठी थांबायचं?

तैवाननं १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि दहा वर्षांत सहा ते चौदा वयाच्या मुलांमधला यकृताचा कर्करोग जवळजवळ निम्म्यावर आला. कर्करोगाविरुद्ध लस चालते याचा तो जगातला पहिला ठळक पुरावा. आपल्या राष्ट्रीय लसीकरणातही जन्माचा डोस आहे. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात २ कोटी ९८ लाख लोकांत हा विषाणू होता.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांकडे माझी मागणी साधी आहे. खासगी प्रसूतिगृहांची नोंदणी आणि तिचं नूतनीकरण त्यांच्याच हातात असतं. प्रत्येक बाळाच्या जन्माची आणि या डोसाची वेळ, तासमिनिटांसह, कळवणं त्याच नोंदणीला जोडून द्या. तारखेच्या रकान्यात चार दिवस लपतात, वेळेच्या रकान्यात लपत नाहीत.

आणि मोठ्यांचं काय? आमच्याकडे मंडळांची रक्तदान शिबिरं जोरात होतात. तिथे दिलेलं रक्त तपासल्यावर कुणाकुणाला पहिल्यांदा कळतं की आपण हिपॅटायटिस बीला रिअ‍ॅक्टिव्ह आहोत. मग तो माणूस लॅबमध्ये येतो. तपासणीच्या कार्डवर त्याचं सीरम टाकायचं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. 'सी' म्हणजे कंट्रोलसमोर रेघ उमटतेच, 'टी' म्हणजे टेस्टसमोर फिकट का होईना दुसरी दिसली की पॉझिटिव्ह. त्यानंतर बरेच जण डॉक्टरांकडे जातच नाहीत. कुणी काविळीचं झाडपाल्याचं औषध घेतो, कुणी मुलीच्या लग्नात विघ्न नको म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवतो. एका ताटात जेवून हा विषाणू पसरत नाही. तो रक्तातून, लैंगिक संबंधातून, वापरलेल्या सुईतून आणि वस्तऱ्याच्या पात्यातून जातो. विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत आणि त्यांनी कर्करोगाचा धोका घटतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका. नुसत्या एएफपीवर विसंबू नका, काही गाठींत ते वाढतच नाही.

घरात कुणी गरोदर असेल तर हिपॅटायटिस बीची, म्हणजे एचबीएसएजी, तपासणी झाली का, हे आजच विचारा. आणि बाळ झालं की पेढे वाटण्याआधी नर्सताईंना विचारा, हिपॅटायटिस बीचा डोस किती वाजता दिला.